ओळखीची आंबवणी

कांद्याचे रोप वाफ्यात लावले म्हणजे काम संपले, असे कोणताही शेतकरी मानीत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो आंबवणीचे पाणी देतोच. कारण रोप उभे दिसले तरी त्याने मूळ धरलेले नसते, हे त्यास पुरते ठाऊक असते. परंतु हाच शेतकरी प्रदर्शनात एखाद्या जाणत्या माणसाची ओळख करून घेतो, त्याच्या पत्त्याचे कार्ड खिशात घालतो, आणि ती ओळख आता आपोआप फळास येईल अशा समजुतीने घरी परततो. ह्या दुसऱ्या लागवडीच्या आंबवणीविषयी आम्ही येथे चार शब्द लिहिणार आहोत.

अशा ओळखींचे प्रसंग हल्ली पुष्कळ येतात. डिसेंबरात मोशी येथे व जानेवारीत बारामतीस मोठी प्रदर्शने भरतात. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांचे मेळावे होतात; कृषी विज्ञान केंद्रांच्या शिवारफेऱ्या निघतात. तेथे एकाच दिवशी शास्त्रज्ञ, अवजारांचे विक्रेते, निर्यातदार, उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि परजिल्ह्यांतील अनुभवी बागाईतदार भेटतात. भेटी विपुल, परंतु त्यांतून महिनाभर तरी टिकणाऱ्या किती, ह्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आमचा हिशेब आम्ही लपवीत नाही. आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली. कचेरीत आलेला प्रत्येक कागद बारनिशीत चढे, त्यास क्रमांक व तारीख पडे, आणि वेळेत उत्तर न आल्यास स्मरणपत्र जाई. लोकांच्या कागदांची एवढी निगा राखणाऱ्या आम्हांस एका प्रदर्शनात कांदा साठवणुकीचे एक तज्ज्ञ भेटले. आमचा कांदा पावसाळ्यात मानेपासून सडतो, हे त्यांनी लक्षपूर्वक ऐकून घेतले व "आठ दिवसांत चाळीची मापे लिहून पाठवा," असे आपण होऊन सांगितले. आम्ही 'आज लिहू, उद्या लिहू' म्हणता म्हणता कांदा काढणीस आला. श्रावणात चाळ उघडली तेव्हा जवळजवळ तिसरा हिस्सा माल उकिरड्यावर टाकावा लागला. त्या पैशांवर घरातील एका मुलाच्या शिक्षणाची भिस्त होती. दिवाळीस फडताळ झाडताना कोटाच्या खिशात ते कार्ड सापडले. फोन केला, तो त्या गृहस्थांची बदली झालेली. दोष सर्वस्वी आमचा होता.

पुढील डिसेंबरात दुसऱ्या एका शास्त्रज्ञांची भेट झाली. ह्या खेपेस कार्डाच्या पाठीवर तेथल्या तेथेच तारीख, ठिकाण व झालेले बोलणे टिपून घेतले, आणि चौथ्या दिवशी येणेप्रमाणे मजकूर पाठविला :

"सा. न. वि. वि. गेल्या शनिवारी प्रदर्शनात कांदाचाळीच्या दालनापाशी आपली भेट झाली. आमचा रब्बी कांदा दोन एकर असून पावसाळ्यात मानेपासून सडतो. काढणीपूर्वी शेवटचे पाणी किती दिवस आधी तोडावे, एवढे कृपा करून कळवावे. चाळीची मापे व छायाचित्र सोबत पाठवीत आहे."

उत्तर दोन दिवसांत आले. पाणी काढणीपूर्वी १० ते १५ दिवस तोडावे; नत्राची मात्रा उशिरा देऊ नये; कांदा पातीसकट शेतात ३ ते ५ दिवस सुकवावा; मग २ ते २.५ सेंटिमीटर मान ठेवून पात कापावी. आणि पुढे १० ते १२ दिवस सावलीत सुकवूनच चाळीत भरावा. विचारले एक होते, मिळाले पाच. नेमका प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर देणे जाणत्या माणसास आवडते, असा आमचा तेव्हापासूनचा अनुभव आहे.

ह्यावरून दोन-तीन गोष्टी वाचकांपुढे ठेवतो. पहिले पत्र आठ दिवसांच्या आत जावे. त्यानंतर समोरच्याचे स्मरण पुसट होते. त्यात भेटीची खूण द्यावी आणि प्रश्न एकच असावा. सर्वसामान्य शंकांसाठी सन २००४ पासून किसान कॉल सेंटरची १८००-१८०-१५५१ ही निःशुल्क सोय आहे. तिचे ओझे तज्ज्ञांवर घालू नये. पहिल्याच पत्रात उसनवारी, शिफारस अथवा फुकट बियाणे मागणे म्हणजे रोपाने मूळ धरण्यापूर्वीच ते उपटून पाहणे होय. तसेच व्हॉट्सॲपवर नित्य सुप्रभाताची चित्रे धाडणे ह्यास ओळख जोपासणे म्हणत नाहीत.

उत्तर न आल्यास रागावू नये. पंधरा दिवसांनी एक स्मरणपत्र, आणि महिन्याने आणखी एक, एवढे पुरे. त्यापुढे स्मरणाचा तगादा होतो, आणि तगादा कोणासच आवडत नाही. विशेषतः नमुना नेऊन गप्प बसलेल्या व्यापाऱ्याच्या भरवशावर माल अडकवून ठेवू नये. त्याचे मौन हेच त्याचे उत्तर समजावे.

सर्वांत अधिक विसरली जाणारी गोष्ट मात्र निराळीच आहे. सल्ला घेतल्यावर त्याचे फळ काय निघाले, हे सांगणारास कळविले पाहिजे. आम्ही त्या वर्षी सडीचा हिशेब ठेवला. नुकसान अजिबात थांबले नाही, परंतु पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी झाले. तसे प्रामाणिकपणे लिहून कळविले. तेव्हा त्या शास्त्रज्ञांनी आपण होऊन फोन केला, आणि राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा 'भीमा शक्ती' हा वाण आमच्या जुन्या वाणाशेजारी लावून दोहोंची टिकवण पाहावी, असे सुचविले. मागणारा व देणारा हे नाते जाऊन तेथे सहकाऱ्याचे नाते आले.

आता आमच्या घरी एक साधी वही आहे. तीत नाव, भेटीची तारीख, बोलणे, धाडलेले पत्र व आलेले उत्तर असे पाच रकाने आहेत. गावातील कोणीही येऊन ती पाहावी. पुढील प्रदर्शनास निघताना आमच्या शेतकरी बंधूंनी पिशवीत भाकरीबरोबर अशी एक वही व पेन्सिल अवश्य घालावी, आणि घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती उघडावी.