बोगद्यातली शिट्टी

आमच्या घरात लाल कापडी बांधणीची एक जुनी वही आहे. मी तेव्हा मिरजेत एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहीत असे. तिथलीच ही कोरी राहिलेली वही. फेब्रुवारी १९९९ मध्ये आमची मुलगी जन्मली आणि मी या वहीत तिच्या प्रगतीच्या तारखा टिपू लागलो. मान धरली. पालथी पडली. बसवली तर बसली, मग आपली आपण बसली. सातव्या महिन्यात रांगली. अकराव्या महिन्यात चार पावलं टाकली. गल्लीत तिच्या वयाची आणखी तीन मुलं होती आणि आमची मुन्नी त्या सगळ्यांच्या पुढे होती. कवी माणूस, त्यामुळे प्रत्येक तारखेपुढे एखादी ओळही खरडलेली आहे. आता ती वाचताना संकोच होतो.

या वहीत पहिल्या चौदा महिन्यांत तिच्या कानाबद्दल एक अक्षरही नाही. आज मला बोलायचं आहे ते त्या न लिहिलेल्या गोष्टीबद्दल.

मूल चालायला कधी लागावं, याची आपल्याकडे फार चढाओढ असते. अमकीचं दहाव्या महिन्यात चाललं, आमचं अजून बूड उचलत नाही, अशी काळजी प्रत्येक घरात ऐकू येते. खरं तर ही काळजी बहुधा विनाकारण असते. जागतिक आरोग्य संघटनेनं घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या हालचालींचा अभ्यास करून २००६ साली तो प्रसिद्ध केला. आपल्या देशातली त्यातली मुलं दिल्लीची होती. आधाराशिवाय बसण्याचा काळ निघाला ३.८ ते ९.२ महिने. एकट्यानं चालण्याचा, ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे एक मूल आठव्या महिन्यात चाललं आणि दुसरं सतराव्या महिन्यात, तरी दोन्ही ठणठणीत असू शकतात. शंभरातली चारेक मुलं तर हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी बुडावर सरकत गेलं, कुणी थेट उभं राहिलं.

चालण्याच्या बाबतीत निसर्ग असा सढळ आहे. ऐकण्याच्या बाबतीत तो तसा नाही, हे मला फार उशिरा कळलं.

मूल आईच्या पोटात सहाव्या-सातव्या महिन्यापासूनच ऐकू लागतं. जन्मतं तेव्हा आईचा आवाज त्याच्या ओळखीचा झालेला असतो. आमच्यात मूल जन्मलं की त्याच्या उजव्या कानात अजान म्हणतात. मुन्नीच्या कानात माझ्या अब्बांनी म्हटली होती. पुढे दोन-तीन महिन्यांचं मूल घशातून ‘गुं गुं’ करतं. आम्हालाही ती हुंकार द्यायची आणि आम्ही हरखून जायचो. पण हा हुंकार ऐकू न येणारी मुलंही देतात. खरी खूण त्यापुढे असते. सहाव्या ते दहाव्या महिन्यांच्या दरम्यान ऐकू येणारं मूल ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी स्पष्ट अक्षरांची माळ लावतं. ते स्वतःचाच आवाज ऐकतं, त्याला गंमत वाटते, म्हणून पुन्हा पुन्हा करतं. ऐकू न येणाऱ्या मुलाची ही माळ लांबते किंवा येतच नाही. नवव्या महिन्यापर्यंत नाव घेऊन हाक मारली की मूल वळून बघतं. आमची मुन्नी वळत होती. कशी वळत होती, ते सांगतो.

मिरज हे तंबोऱ्यांचं गाव. आमच्या घराला लागूनच सतारमेकरांचं दुकान. चाचा तिथे भोपळे तासत, तारा चढवत, जवारी लावत बसलेले असायचे. मुन्नीला उचलून नेलं की ती तंबोऱ्याच्या भोपळ्याला गाल टेकवायची. चाचांनी तार छेडली की तिचा चेहरा खुलायचा. ‘सुरांची जाण आहे पोरीला,’ असं चाचा म्हणायचे आणि मी ते चार लोकांना सांगायचो. भोपळ्याची थरथर तिच्या गालाला जाणवत होती, एवढाच त्याचा अर्थ होता. आमचं घर जुनं, माडीचं. लाकडी पाटणीवरून कुणी चालत आलं की जमीन हलायची आणि ती वळून बघायची. आई जवळ आली की वासानं ओळखायची, सावली पडली की मान वर करायची. अशी मुलं फार हुशारीनं घर वाचतात आणि आपण समजतो त्यांना ऐकू येतं.

माझ्या पत्नीला मात्र सहाव्या महिन्यातच शंका आली होती. एका रात्री ती मला म्हणाली, ‘सुनाई नै देता जी इसकू.’ मी म्हटलं, तंबोरा कसा ऐकते मग? उगाच काहीतरी मनात आणू नकोस. अम्मांनीही माझी बाजू घेतली. आमच्या घराण्यात सगळेच उशिरा बोलतात, हिची फुफी तर तीन वर्षांची झाल्यावर बोलली, असं त्या म्हणाल्या. बायको गप्प झाली.

ऑक्टोबर १९९९ मध्ये आम्ही पहिल्यांदा मुलीला घेऊन लांबचा प्रवास केला. माझी थोरली बहीण, आपा, मुंब्र्याला राहत असे. तिला भाची दाखवायची होती. तान्ह्या मुलाबरोबरचा प्रवास म्हणजे काय, ते ज्यांनी केलाय त्यांना सांगायला नको. दुपट्यांचं गाठोडं, गरम पाण्याचा थर्मास, अम्मांनी दंडाला बांधलेला तावीज, गालावर काजळाची तीट. कोयना एक्सप्रेसमध्ये आम्ही दोन बाकड्यांच्या मध्ये जुन्या ओढणीची झोळी बांधली. समोर कराडहून चढलेलं एक कुटुंब होतं, त्यांचाही मुलगा साताठ महिन्यांचाच. दोघी आया लगेच बोलू लागल्या. दात आले का, वरचं काय देता, पोट साफ होतं का. पुणं गेलं, लोणावळा गेलं आणि गाडी बोरघाट उतरू लागली.

बोरघाटात एकामागून एक बोगदे लागतात. पहिल्याच बोगद्यात इंजिनानं लांब शिट्टी दिली. डब्यातली पोरंसोरं रिवाजाप्रमाणे ओरडली. समोरचा मुलगा दचकला आणि असा टाहो फोडून रडू लागला की त्याची आई उठून उभीच राहिली. मुन्नी माझ्या मांडीवर होती. ती वरच्या दिव्याकडे बघत होती. बाहेर अंधार झाला आणि दिवा एकदम उजळ दिसू लागला, त्याचं तिला नवल वाटत होतं. दुसरा बोगदा आला, तिसरा आला. प्रत्येक वेळी समोरचं मूल रडलं आणि आमचं मूल दिव्याकडे बघून हसलं. इथे लाकडी पाटणी नव्हती, ओळखीची सावली नव्हती. गाडीची थरथर तर सकाळपासून चालूच होती. नेहमीच्या खुणा सुटल्या होत्या. मी पत्नीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, पण काही बोलली नाही.

परत आल्यावर आम्ही एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मुलीच्या पाठीमागे टाळी वाजवली. ती वळली. ‘ऐकू येतं की! वाट बघा, बोलेल,’ असं ते म्हणाले. टाळीनं मानेवर वारा लागतो, हात हलल्याची सावली दिसते, समोर बसलेल्या आईची नजर त्या बाजूला जाते. थाळी वाजवणं, दार आपटणं, यांचंही तेच. या घरगुती परीक्षांत मूल पास झालं, तरी त्याचा अर्थ काहीच होत नाही. पण डॉक्टरांचे ते शब्द मला हवेच होते. मी ते उराशी धरले आणि त्यात आमचे पाच महिने गेले. डॉक्टरांना मी आता फार दोष देत नाही. बायकोचं ऐकलं नाही ते मी.

एप्रिल २००० मध्ये आम्ही वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत गेलो. ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच ही केंद्र सरकारची संस्था १९८३ साली सुरू झाली. तिथे ‘बेरा’ नावाची तपासणी केली. मुलाला औषध देऊन झोपवतात, कपाळावर आणि कानामागे छोट्या चकत्या चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतो का ते यंत्रावर बघतात. मुलानं वळायला नको, हसायला नको. मुन्नीला दोन्ही कानांनी ८५ डेसिबलच्या आसपासच ऐकू येत होतं. आपण एकमेकांशी बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा. म्हणजे आमच्या घरातली सगळी बोलणी, अम्मांची अंगाई, माझ्या कविता, हे सारं तिच्या कानाच्या अलीकडेच संपत होतं.

तिथे एक प्रश्न विचारला, लग्न नात्यातलं आहे का? माझी पत्नी माझ्या मामांची मुलगी. आमच्यात अशी लग्नं होतात आणि मामाची मुलगी करण्याची रीत दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू घरांतही आहे. अशा लग्नात आईबापांकडून सारखाच दोष मुलात उतरण्याची शक्यता वाढते. तेच कारण असेल असं नाही. नात्यात लग्न न केलेल्यांच्या घरीही अशी मुलं जन्मतात. जन्मतः बहिऱ्या मुलांपैकी बहुतेकांचे आईबाप नीट ऐकणारे असतात. तरी हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या दोन पुतण्यांची लग्नं ठरवताना ही गोष्ट मी घरात उघडपणे बोललो. एकानं ऐकलं, एकानं नाही.

सोळाव्या महिन्यात यंत्र मिळालं. अपंगांना साधनं देण्याची केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे, त्यातून ते मिळालं. तेव्हाचं यंत्र काड्यापेटीहून थोडं मोठं, छातीवर बांधायचं, त्यातून दोन वायरी कानापर्यंत. पत्नीनं त्यासाठी खिशाची झबली शिवली. बोलायचं ते कानाशी नव्हे, छातीशी, कारण आवाज पकडणारा भाग तिथे होता. हे अब्बांना समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते तिला मांडीवर घेऊन बसलेले दिसले. तिच्या झबल्याच्या खिशाजवळ तोंड नेऊन ते हळू आवाजात अजान म्हणत होते.

पुढची तीन वर्षं आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी मुंबईला जात होतो. मूल वाढतं तसा कान वाढतो आणि कानातला साचा सैल होतो. मग यंत्र शिट्टी मारू लागतं, नवा साचा करावा लागतो. हा प्रवास हीच तिची शाळा झाली. शिक्षिकेनं सांगितलं होतं की मुलाला समोर दिसतं आहे त्याचंच नाव घ्या, चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसा, एकच शब्द दहा वेळा, पण दहा वेगळ्या वाक्यांत वापरा. गाडीत खिडकीपाशी हे सगळं आयतं जमायचं. बैल दिसला की बैल, पूल आला की पूल. बाविसाव्या महिन्यात सातारा स्टेशनवर मी तांब्या उचलला तेव्हा ती म्हणाली, ‘पा.’ पाणी! प, ब, म ही अक्षरं ओठांवर दिसतात, म्हणून अशा मुलांना ती आधी सापडतात. स आणि श आजही तिचे थोडे पुसट आहेत. वहीत त्या तारखेपुढे मी ओळ लिहिलेली नाही, नुसतं ‘पा’ लिहिलं आहे.

आता काळ बदलला आहे. डेव्हिड केम्प नावाच्या संशोधकानं १९७८ साली दाखवून दिलं की निरोगी कान नुसता ऐकत नाही, आत आलेल्या आवाजाला अगदी बारीक आवाजानं उत्तरही देतो. एक तार छेडली की शेजारची तरफ आपोआप बोलते, तसं काहीसं. हे उत्तर टिपणारी तपासणी आज दोन दिवसांच्या झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते. दुखत नाही, टोचत नाही. तज्ज्ञ एक-तीन-सहा असा हिशेब सांगतात. एका महिन्याच्या आत ही तपासणी, तिच्यात शंका आली तर तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. पहिल्या वर्षांत मेंदू भाषेसाठी जागा तयार करत असतो आणि आवाज पोचला नाही तर ते काम अडतं. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मतः बहिरेपणाचा शोध घेणं आहेच. पण प्रत्येक प्रसूतिगृहात ही तपासणी आपोआप होतेच असं नाही. ‘बाळाच्या कानाची तपासणी झाली का?’ असं विचारावं लागतं. आणि एकदा पास झालेलं मूलही पुढे हाकेला वळेनासं झालं, किंवा त्याच्या आईला शंका आली, तर पुन्हा विचारावं लागतं.

गेल्या वर्षी मुन्नी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. नातवाची तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. दोन्ही कान उत्तम. माझ्या पत्नीनं तो कागद दोनदा वाचला आणि लाल वहीत ठेवून दिला. नातू अजून रांगत नाही, बसल्या जागी सरकतो आणि त्याची पणजी, म्हणजे माझी अम्मा, त्यावरून रोज बोलते. बोलू दे.

मुन्नी आता मुंबईला असते आणि बाळाला घेऊन कोयनेनंच येते-जाते. यंत्रं आता कानामागे मावतील एवढी झाली आहेत, पण बोगद्यातला गोंगाट त्यांतून फार मोठा होऊन येतो, डोकं उठतं म्हणते. गेल्या महिन्यात मी तिला पोचवायला बरोबर गेलो होतो. लोणावळा सोडलं तशी तिनं बाळाला माझ्याकडे दिलं. ‘अब्बा, आता हा रडणार,’ ती म्हणाली आणि दोन्ही यंत्रं बंद केली.