सालेर्नोच्या वैद्यबाई

सालेर्नो, इटली : नेपल्सच्या दक्षिणेचं हे बंदर. पर्यटक इथे उतरतात ते बहुधा अमाल्फीची बोट पकडण्यापुरते. गावाला मात्र आपल्या मध्ययुगीन वैद्यकशाळेचा कोण अभिमान! चौदाव्या शतकात मात्तेओ सिल्वाटिको या वैद्याने लावलेली औषधी बाग डोंगरउतारावर पुन्हा फुलवली आहे. पण मी इथे आलो तो बाराव्या शतकातल्या त्रोता या वैद्यबाईच्या मागावर.

तिचा किस्सा एका जुन्या लॅटिन ग्रंथात आहे. एका मुलीचं पोट दुखत होतं; आतडं फाटलंय असं समजून तिला कापायचं ठरलं होतं. त्रोताला बोलावलं. गर्भाशयात वायू धरलाय, असं तिचं निदान. मुलीला तिने आपल्या घरी नेलं, पाल्याच्या काढ्याने न्हाऊ घातलं, अंग चोळलं, सातूच्या पिठात मुळ्याचा रस कालवून लेप दिला. मुलगी बरी झाली. सुईदोऱ्याचंही वावडं नव्हतं: बाळंतपणात फाटलेली जागा रेशमी धाग्याने शिवायची रीत त्याच ग्रंथात दिली आहे.

तरी १५६६ साली बाझेलला छापलेल्या आवृत्तीत संपादकाने तिच्या नावावर चालत आलेल्या या लेखनाचा कर्ता पुरुषच ठरवला, तोही रोमन राजघराण्यातला मुक्त गुलाम! बाई खरी होती की नव्हती, हा वाद विसाव्या शतकापर्यंत चालला. अखेर १९८५ साली जॉन बेंटन यांनी माद्रिदच्या एका हस्तलिखितातला, तिच्याच नावाचा उपचारग्रंथ पुढे आणला.

मला जास्त रस आहे तो वैद्यकीच्या परवान्यात. इथे परवाना राजसत्ता देई. परीक्षेशिवाय वैद्यकी नाही, असा दुसऱ्या फ्रेडरिकचा १२३१ सालचा कायदा होता. परीक्षेत उतरली की बाईलाही वाट मोकळी. १३२१ साली सालेर्नोच्या फ्रांचेस्काला, मात्तेओ दे रोमानाच्या बायकोला, शस्त्रक्रियेचा परवाना मिळाला. लाजेकाजेच्या दृष्टीने बाईवर बाईनेच उपचार केलेले बरे, हे त्यात दिलेलं कारण.

पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये, विनापरवाना वैद्यकी केल्याच्या खटल्यात, जाकोबा फेलिसी हिने धर्मन्यायालयात हाच मुद्दा मांडला. नामांकित वैद्यांनी हात टेकले तिथे हिने गुण आणला, असं रुग्ण सांगत होते; गुण येईपर्यंत पैसे मागितले नाहीत, अशीही साक्ष निघाली. पण पॅरिसात परवाना विद्यापीठाच्या हाती, आणि विद्यापीठाचं दार बाईला बंद. बाईला वकिलीसुद्धा करता येत नाही, मग जिवाशी गाठ असलेली वैद्यकी कशी करू द्यायची, असा युक्तिवाद झाला. तिला येतं किती, हे कुणी तपासलंच नाही. शिक्षा झाली ती धर्मबहिष्काराची आणि ६० लिव्र दंडाची.