आरक्षणाच्या खिडकीमागची जाळी

नागपूरच्या आरक्षण खिडकीवर चेन्नईस जाण्याचे आणि तेथून परतण्याचेही तिकीट एकाच वेळी हाती पडते, याचे आज कोणास नवल वाटत नाही. परंतु परतीच्या जागेसाठी दूरच्या स्थानकास तार धाडून उत्तराची वाट पाहिलेल्या पिढीस या सोयीचे मोल निराळे सांगावयास नको. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच केंद्रांची संगणकीय दफ्तरे १९९९ साली एकमेकांस जोडली गेली, आणि कोणत्याही खिडकीवर कोठूनही कोठवरचे तिकीट मिळू लागले.

संगणक असे जोडले की त्यांचे जाळे होते, आणि आवाक्यानुसार त्याचे प्रकार पडतात. एखाद्या कचेरीच्या चार भिंतींत टेबलाटेबलावरचे संगणक ज्याने एकत्र येतात ते स्थानिक जाळे, म्हणजे लॅन. त्याची तार एकदा निरखून पाहावी. वरचे आवरण सोलले की आत तांब्याच्या आठ तारा दिसतात, आणि त्या दोन-दोन अशा एकमेकींस पीळ घालून बसविलेल्या असतात. हा पीळ अशासाठी, की बाहेरील विद्युत-उपद्रव जोडीतील दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि पलीकडचे यंत्र दोहोंतील फरक तेवढा वाचीत असल्याने तो आपोआप वजा व्हावा. इतकी साधी युक्ती, पण तिच्या बळावर शंभर मीटरपर्यंत मजकूर निर्वेध जातो. या जाळ्याची प्रचलित पद्धत, इथरनेट, १९७३ साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी कल्पिली.

शहरभर पसरलेले ते मॅन; आणि मोबाइल व कानातले यंत्र यांना ब्लूटूथने जोडणारे, दहाएक मीटरांचे, ते व्यक्तिगत जाळे.

गावोगावच्या कचेऱ्या जोडणारे ते विस्तीर्ण जाळे, वॅन. माझ्या मते लॅन आणि वॅन यांतील खरा भेद अंतराहूनही मालकीचा आहे: लॅनची तार आपली, वॅनची वाट बहुधा दूरसंचार कंपनीकडून भाड्याने घेतलेली. रेल्वेच्या आरक्षणाचे जाळेही खासगीच होते. जाळ्यांचे जाळे जे इंटरनेट, ते भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांस खुले झाले, तरी त्यावरून घरबसल्या रेल्वेचे तिकीट काढण्याची सोय २००२ साली आली.

हा मालकीचा भेद घरीही उपयोगी पडतो. इंटरनेट बंद पडले, तर घरच्याच जाळ्यावरील प्रिंटर संगणकावरून छापतो का, ते आधी पाहावे; छापत असेल, तर घरातील तारा विनाकारण उपसू नयेत, तक्रार कंपनीकडे करावी.