वर चढणारं कथील

समजा, तांब्याच्या दोन पाइपांचा सांधा आहे आणि त्याची फट खाली जमिनीकडे तोंड करून आहे. तिथे खालून वितळलेला धातू लावला, तर काय होईल? टपकन खाली पडेल, असंच म्हणाल ना? पण तो चक्क वर चढतो आणि फटीत गुडूप होतो!

इंग्लंड-अमेरिकेत अनेक घरांत पाण्याचे पाइप तांब्याचे असतात आणि हौशी लोक ते घरीच जोडायला शिकतात. पाइपचं टोक तांब्याच्याच सॉकेटमध्ये सरकवतात. दोघांमध्ये फट उरते जेमतेम ०.१ मिलिमीटर. ती भरायची सोल्डरनं, म्हणजे सांधे जोडायच्या, सहज वितळणाऱ्या मिश्रधातूनं. पूर्वी सोल्डरमध्ये शिसं असे. ते विषारी, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या पाइपांसाठी अमेरिकेनं १९८६ साली त्यावर बंदी घातली. आता सोल्डर मुख्यतः कथलाचं असतं. ते साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला वितळतं. तांबं वितळायला मात्र १०८५ अंश लागतात, म्हणून पाइप शाबूत राहतो.

नवशिक्याला वाटतं, ज्योत सोल्डरवर धरायची. छे! तापवायचा सांधा. मग ज्योत बाजूला करून सोल्डरची तार फटीला नुसती टेकवायची. तांब्याच्या उष्णतेनंच ती वितळते. वितळलेल्या कथलाला तापलेल्या स्वच्छ तांब्यावर पसरायची फार ओढ असते. त्या ओढीनंच ते अरुंद फटीत खेचलं जातं. हेच केशाकर्षण. फट जितकी अरुंद, तितकी चढाई उंच! शिवाय कथील तिथे नुसतं चिकटून बसत नाही. दोन धातू जिथे भेटतात, तिथे त्यांच्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो.

'स्वच्छ' हा शब्द मात्र विसरू नका. तांब्यावर ऑक्साइडचा थर असला, की कथलाच्या गोळ्या होऊन घरंगळतात. म्हणून आधी पॉलिश पेपरनं घासायचं, मग उरलासुरला ऑक्साइड काढून टाकणारं फ्लक्स लावायचं. आपले कल्हईवाले तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतात ना, तो याच कामासाठी. तांब्या-पितळेवर कथील चढवण्याची ही विद्या ते पिढ्यान्‌पिढ्या जपत आले आहेत.

आणि पाइपमध्ये पाणी ठिबकत असेल तर? सगळी उष्णता ते पाणीच पिऊन टाकतं आणि सांधा काही केल्या पुरेसा तापत नाही. यावर जुन्या प्लंबरांची युक्ती मला फार आवडते. ते पाइपमध्ये पावाचा गोळा कोंबत! तो पाणी अडवून धरतो. नंतर विरघळून नळावाटे बाहेर पडतो.

ज्योतीचं काम मोठ्यांचं. तुम्ही केशाकर्षण पाहायला शाळेच्या प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्या मागून घ्या. एका उभ्या कडेला मध्ये आगकाडी ठेवा, दुसरी कड चिकटलेली असू द्या. रबरबँड लावून रंगीत पाण्यात उभ्या करा. चिकटलेल्या कडेला पाणी किती सेंटिमीटर चढलं, ते मोजून आम्हाला नक्की कळवा!