‘फुकट डेमो’नंतरचे फोन

वर्ध्यातल्या एखाद्या प्रदर्शनात जलशुद्धीकरण यंत्राच्या मोफत चाचणीसाठी नाव-नंबर लिहून दिला, की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. शेतात असा, दवाखान्यात असा, ‘सर, काय ठरलं मग?’

अनेकांना वाटतं, जाहिरातीचे फोन थांबवणारी ‘डीएनडी’ नोंदणी केली की सुटलो. तसं होत नाही, आणि नेमकं हेच लोकांना कुणी सांगत नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या नियमांनुसार ग्राहकानं एखाद्या कंपनीला स्पष्ट संमती दिली असेल, तर ती डीएनडीच्याही वर चालते. त्यामुळे फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात असलेली ‘संपर्कास हरकत नाही’ ही चौकट आधी वाचा. ती आधीच खूण केलेली असेल तर खूण काढा. संमती दिली असली तरी ती मागे घेण्याचा हक्क तुमच्याकडे राहतो.

डीएनडीसाठी १९०९ला फोन करा.

जाहिरातीच्या फोनसाठी १४०नं सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून विक्रीचा फोन आला, तर तो नियमभंगच. फेब्रुवारी २०२५च्या दुरुस्तीनंतर अशा फोनची तक्रार डीएनडी नसतानाही करता येते. मुदत सात दिवसांची. कॉल करणाऱ्याचा नंबर, तारीख आणि फोन कशाबद्दल होता एवढं १९०९ला कळवा. नंबर ब्लॉक करण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. चाचणीच्या नावाखाली पैसे कापले गेले असतील, तर मात्र राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.