विश्लेषण : फायबरच्या बोटीचा रंग का उडतो? घासण्याआधी काय तपासावे?

पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस, कोकण किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारल्या जातात. डागडुजीही याच काळात उरकली जाते. फायबरची बोट पिवळट किंवा पांढुरकी दिसू लागली, की पहिला मोह होतो तो पॉलिश पेपर घेऊन ती खसाखसा घासण्याचा. मात्र बोटीची बाहेरची कातडी फार पातळ असते आणि घासून गेलेली परत येत नाही.

जेलकोट म्हणजे काय?

फायबरची बोट साच्यात घडवली जाते. साच्यात सर्वांत आधी रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिस्टर रेझिनचा थर दिला जातो. त्यावर काचतंतूंच्या चटया आणि रेझिनचे थर चढतात. साच्यातून बोट बाहेर काढली की पहिला थर सर्वांत बाहेर येतो. हाच जेलकोट. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. बोटीला चकाकी देणे आणि ऊन-पाण्यापासून आतल्या काचतंतूंचे रक्षण करणे, अशी दोन कामे तो करतो.

रंग बदलण्याची कारणे कोणती?

कारणे मुख्यतः दोन. पहिले म्हणजे ऊन. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे रेझिनच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो, चकाकी जाते आणि हात फिरवला की खडूसारखी भुकटी लागते. दुसरे कारण डाग. खाडीच्या पाण्यातील टॅनिन आणि लोहामुळे पाणरेषेवर तपकिरी पट्टा उमटतो. बोल्टच्या गंजाचे ओघळ, डिझेलची काजळी, काळी बुरशी हे निराळेच. खडबडीत झालेल्या जेलकोटमध्ये हे डाग अधिक घट्ट बसतात.

नेमके कारण कसे ओळखायचे?

बोट आधी साबणाच्या पाण्याने धुवून वाळवावी. मग निस्तेज भागावर थोडे पाणी शिंपडावे. ओले असताना मूळ रंग उठून दिसला, तर दोष वरच्या वर आहे आणि तो पॉलिशने सुधारू शकतो. ओला करूनही तपकिरी किंवा पिवळा डाग तसाच दिसला, तर तो आधी रसायनाने काढावा लागतो. काचतंतूंची वीण दिसू लागली असेल, तर जेलकोट संपत आला आहे. तिथे घासकाम करूच नये.

कोणत्या डागावर काय चालते?

लोहाच्या आणि पाणरेषेच्या डागांवर ऑक्झॅलिक ॲसिडचे सौम्य द्रावण उपयोगी पडते. ते लोहाला बांधून पाण्यात विरघळवते. द्रावण सावलीत लावावे, अंगावर वाळू देऊ नये आणि भरपूर पाण्याने धुवावे. गंजावर ब्लीच लावून उपयोग होत नाही, ते बुरशीसाठी आहे. संडास साफ करायचे तीव्र ॲसिड धातूच्या फिटिंग खराब करते. ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. ऑक्झॅलिक ॲसिडही विषारी आहे. त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवाच. कोणतेही रसायन आधी कोपऱ्यातल्या छोट्या भागावर वापरून पाहावे.

चकाकी कशी परत येते?

डाग निघाल्यावर रबिंग कंपाऊंड, मग बारीक पॉलिश आणि शेवटी मेण, असा क्रम असतो. कंपाऊंडने भागले नाही, तरच १००० किंवा त्याहून बारीक क्रमांकाचा वॉटर पेपर पाणी घेऊन हलक्या हाताने वापरावा. बफिंग मशीन एकाच जागी धरू नये. उष्णतेने जेलकोट जळतो आणि कडांवर तो लवकर झिजतो. भुकटीवर थेट मेण लावले, तर आठवड्याभरात बोट पुन्हा निस्तेज दिसू शकते. ही सगळी पद्धत पाणरेषेच्या वरच्या भागासाठी आहे. खालच्या भागावर शेवाळ आणि बारनॅकल रोखणारा रंग असेल, तर तो कोरडा घासू नये, कारण त्याची धूळ विषारी असते.

जेलकोट उरलाच नसेल तर?

छोटी भेग किंवा टवका नव्या जेलकोटने भरता येतो. मात्र हवेच्या संपर्कात साधा जेलकोट वरून चिकट राहतो. म्हणून त्यात मेणाचे द्रावण मिसळतात किंवा वरून प्लॅस्टिकचा पातळ कागद लावतात. दमट हवेत तो नीट वाळत नाही, त्यामुळे भर पावसात हे काम टाळावे. मोठा भाग झिजला असेल, तर प्रायमर देऊन दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग हा मार्ग उरतो. तसे न करता आणखी घासल्यास पाणी आतल्या थरांत झिरपते. त्यातून फोड येतात आणि खर्च पॉलिशच्या कितीतरी पट होतो.

वेळापत्रक कसे असावे?

बोट वर ओढताच गोड्या पाण्याने धुवून डाग काढावेत. पॉलिश आणि मेण बोट पाण्यात उतरवण्यापूर्वी, छपराखाली, कोरड्या दिवशी करावे. शाकारताना ताडपत्री अंगाला चिकटू न देता हवा खेळती ठेवावी, म्हणजे बुरशी कमी धरते. हंगामात बोट उभी असतानाही सावली मिळाली, तर घासण्याची वेळच उशिरा येते.