दाढांचं गाव

अमेरिकेच्या ॲरिझोनातल्या युमा शहराजवळ सीमा ओलांडली की मेक्सिकोचं लोस अल्गोदोनेस लागतं. गाव चार-दोन गल्ल्यांचं, दंतवैद्य मात्र शेकड्यांनी. टोपणनावच ‘मोलर सिटी’. अमेरिकी म्हातारेकोतारे गाडी अलीकडे लावून चालत येतात, दात दाखवतात, चष्मा-औषधं घेऊन संध्याकाळी परततात. त्यांच्या सरकारी मेडिकेअर विम्यात नेहमीचे दंतोपचार सहसा बसत नाहीत ना! (घासाघीस करायची हौस फिटते ती वेगळीच.) दाढ भरणं एका फेरीत उरकतं. इम्प्लांटचं तसं नाही. टायटॅनियमच्या स्क्रूला जबड्याचं हाड घट्ट धरायला बहुधा ३ ते ६ महिने लागतात. हाड-धातूचं हे सख्य स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५२मध्ये सशाच्या पायात दिसलं : बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण निघेचना. हाड धरेपर्यंत थांबावं लागत असल्याने पक्का दात बसवायला पुन्हा सीमा ओलांडावी लागते.